कापडी एअर फिल्टरने खरंच पिकअप वाढतो का? १.२ पेट्रोल, नागपूर

रोजची_बुटीबोरी

गाडी १.२ लिटर, चार सिलिंडर, साधी पेट्रोल (टर्बो नाही), ८३ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). ५८,००० किमी झाले. रोज त्रिमूर्तीनगर ते बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, म्हणजे वर्धा रोडवर बराच वेळ ट्रकांच्या मागेच. एसी सुरू असला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही, उड्डाणपुलावर चढताना जास्त जाणवतं.

ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन पर्याय सांगितले. एक, कंपनीच्या डब्यातच बसणारा, धुऊन पुन्हा वापरायचा तेलकट कापडी फिल्टर, साडेपाच हजार. दोन, डबाच काढून शंकूसारखा उघडा फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाइप, त्याचे जवळपास दुप्पट. म्हणे पाच-सात हॉर्सपॉवर वाढतात, ॲव्हरेज दोनने वाढतं आणि फिल्टर जन्मभर बदलावा लागत नाही. कागदी फिल्टर तीन-चारशेला येतो, त्यामुळे हिशेब नीट करूनच पैसे घालायचे आहेत. यातलं खरं किती? आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत कोणता बरा? मोजून बघायचा काही घरगुती मार्ग असेल तर तोही सांगा.

चार_ठोके

दुकानदाराचं अर्धं वाक्य खरं आहे. कागद हवा अडवतो. किती अडवतो ते त्याने सांगितलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तुमचं इंजिन ११९७ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा तेवढी हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटात ३००० वेळा, म्हणजे ३,५९१ लिटर. सिलिंडर पूर्ण कधी भरत नाहीत, ८५ टक्के धरा, तर ३,०५० लिटरच्या आसपास. सेकंदाला ५० लिटर. ऑफिसात येतात ते २० लिटरचे पाण्याचे जार डोळ्यांसमोर आणा, दर सेकंदाला तसे अडीच. एवढ्या ओढीला नवा कागदी फिल्टर साधारण अर्धा ते एक किलोपास्कल दाब खातो, मोठा फिल्टर असेल तर त्याहूनही कमी. चांगला कापडी फिल्टर त्याच्या निम्म्यापर्यंत येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब मुळातच ९७ किलोपास्कलच्या घरात असतो. म्हणजे ९७ पैकी वाचला तो फार तर अर्धा. टक्क्यात अर्धा टक्का. ८३ चा अर्धा टक्का म्हणजे ०.४ पीएस, आणि तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सुई ६००० वर नेली तर.

तुम्ही वर्धा रोडवर साठच्या वेगाने टॉप गिअरमध्ये जाता तेव्हा इंजिन सेकंदाला सहा-सात लिटरच हवा घेतं. फिल्टरपाशी दाब घटतो तो एक दशांश किलोपास्कलच्या आसपास. त्याच वेळी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या मागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीत) ४०-५० किलोपास्कल उरलेले असतात. चकती एकटीच पन्नासेक किलोपास्कल अडवते, कारण तुमच्या पायाने तिला तेवढीच उघडलेली असते. घराचं दार लोटलेलं आहे, तर अंगणाचं फाटक रुंद करून आत जास्त माणसं कशी येणार?

ॲव्हरेजचंही तेच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोल जास्त जायचं, म्हणून "फिल्टर साफ तर ॲव्हरेज वर" हे खरं होतं. फ्युएल इंजेक्शनमध्ये ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सावरून घेतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हेच तपासलं. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवूनही इंधनाच्या खपात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण ॲक्सिलरेटरवर वेग घेण्यात. आणि ती तुलना तुंबलेल्या विरुद्ध नव्या फिल्टरची होती, नव्या कागदी विरुद्ध नव्या कापडीची नाही.

नवतपा_४५

उघड्या शंकूबद्दल वेगळं बोलायला हवं. नागपुरात तो फायद्याचा तर नाहीच, तोट्याचा आहे.

बॉनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्याचं नाक कुठे जातं ते पाहा. बहुतेक छोट्या गाड्यांत ते रेडिएटरच्या वर किंवा बाजूला, जाळीच्या मागे उघडतं. म्हणजे बाहेरची हवा घेतं. "कोल्ड एअर इंटेक" म्हणून जे विकतात ते कंपनीने तुम्हाला फुकट देऊन ठेवलं आहे. डबा काढून शंकू लावला की इंजिन बॉनेटखालची हवा पिऊ लागतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश. वाहत्या रस्त्यावर बॉनेटखाली त्याहून दहा-पंधरा अंश जास्त, पण व्हरायटी चौकातल्या सिग्नलला दोन मिनिटं एसी लावून थांबलात की ७० सहज. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या उलट प्रमाणात चालते: ३१८ भागिले ३४३, म्हणजे ०.९३. सात टक्के हवा गेली. ८३ मधून जवळपास सहा पीएस. म्हणजे कमावले ०.४ आणि घालवले सहा.

त्यात सिग्नल सुटल्यावर लगेच जोर हवा असतो, आणि नेमकी तेव्हाच हवा सर्वांत गरम असते. तुमची तक्रारही तीच आहे, गाडी ओढत नाही.

मग लोकांना पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. डब्यावर आणि पाइपवर जे रिकामे फुगे दिसतात ते रेझोनेटर. हवा ओढण्याची गुरगुर दाबायला दिलेले असतात. ते गेले की ३००० आरपीएमच्या पुढे इंजिन घशातून बोलू लागतं आणि कानाला वेग वाटतो. शिवाय फिल्टर बसवताना बरेच मेकॅनिक थ्रॉटल बॉडीही साफ करून देतात. चकतीच्या कडेची काळी काजळी निघाली की पायाला प्रतिसाद खरोखर हलका होतो. श्रेय मात्र फिल्टर घेऊन जातो.

पावसाळ्यासाठी एक. शंकूला गार हवा मिळावी म्हणून काही किटमध्ये तो बंपरच्या मागे, चाकापाशी खाली सोडतात. नरेंद्र नगरच्या अंडरपासमध्ये गुडघाभर पाणी साचतं तेव्हा ती गाडी तिथून काढायला जाऊ नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विषय फिल्टरच्या पैशांचा राहत नाही.

चार_ठोके

@नवतपा_४५ घनतेचे सात टक्के बरोबर, पण ताकद तेवढी घटत नाही. डायनोवरची (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावरची) आकडेवारी हवामानानुसार दुरुस्त करायच्या सूत्रात नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल इंजिनासाठी तापमानाचं वर्गमूळ घेतात, कारण गरम हवा सिलिंडरच्या भिंतींकडून आणखी कमी उष्णता घेते आणि पेट्रोलचं बाष्पही चांगलं होतं. ०.९२७ चं वर्गमूळ ०.९६३. तर तोटा ३.७ टक्के, तीन पीएस धरा. वर नॉक सेन्सरने (इंजिनातली ठकठक ओळखणाऱ्या) ठिणगीचं टायमिंग मागे ओढलं तर आणखी थोडं. सहा नाही, पण मुद्दा तुमचाच खरा ठरतो.

पाइपबद्दल राहिलं. गाडीत मॅफ, म्हणजे हवा मोजणारा, सेन्सर असेल (फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पाइपवर चार-पाच वायरींचा प्लग) तर पाइपचा व्यास बदलायचाच नाही. तो सेन्सर पूर्ण हवा मोजत नाही. एका ठिकाणचा वेग मोजतो आणि कंपनीच्या व्यासावरून बाकीचा हिशेब करतो. ७० मिमीच्या जागी ७६ मिमीचा पाइप आला की तेवढ्याच हवेला वेग १५ टक्के कमी, मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोलही तेवढंच कमी देतो. ऑक्सिजन सेन्सर ते सावरत राहतो, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू सतत करत असलेली पेट्रोलची दुरुस्ती) चढत जातो, आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागून पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड) दिसतो. मॅनिफोल्डवर फक्त मॅप (तिथला दाब मोजणारा) सेन्सर असलेल्या गाड्यांना हा त्रास नाही.

हिंगणा_डिझेल

भाऊ, सगळे ताकदीचंच बोलून राहिले. फिल्टर काहून दिला आहे गाडीत? धुळीसाठी ना?

बुटीबोरी, हिंगणा, वाडी, कोराडीकडचा रस्ता, उमरेडची कोळशाची वाहतूक. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, सिलिका. इंजिनाच्या लोखंडाला ते सँडपेपरसारखे घासतात. डोळ्याला दिसतात ते मोठे कण कोणताही फिल्टर अडवतो. नुकसान करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे, कारण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मधला ऑइलचा थर साधारण तेवढाच जाड असतो. कण थरात मावतो आणि दोन्हीकडे ओरखडत जातो. मग ऑइल खाणं, निळा धूर, कॉम्प्रेशन उतरणं. हे सहा महिन्यांत दिसत नाही, लाख किमीला दिसतं, म्हणून कोणी फिल्टरला दोष देत नाही.

फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ प्रमाणे होते, ठरलेल्या मापाची धूळ सोडून किती अडली ते वजन करतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर जातो. तेलकट कापडी साधारण ९७-९८. ऐकायला दोघंही पास. पण जे अडलं ते नका पाहू, जे आत गेलं ते पाहा. शंभर ग्रॅम धुळीतून एकाने अर्धा ग्रॅम सोडली आणि दुसऱ्याने अडीच, तर दुसऱ्याने पाचपट वाळू इंजिनात घातली. ज्या गोष्टीने हवा सोपी जाते, त्याच गोष्टीने धूळही सोपी जाते. भोकं मोठी ठेवून दोन्ही नाही साधत.

आणखी एक, जे लोकांना उलटं वाटतं. कागदी फिल्टर नवा असताना जेवढी धूळ अडवतो, त्यापेक्षा थोडा मळल्यावर जास्त अडवतो. वर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचं काम करतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर "नवा" करून देतात ते बंद करा. १०० पीएसआयच्या झोताने कागदाला सुईएवढी भोकं पडतात, चुण्यांचा गोंद सुटतो. फार तर उलटा धरून जमिनीवर हलका आपटा, सुटलेली धूळ पडू द्या. मारायचीच असेल हवा तर स्वच्छ बाजूने, ३० पीएसआयच्या आत, नोझल वीतभर लांब. नंतर मागे टॉर्च धरून अंधारात पाहा. उजेडाचा एक जरी बारीक ठिपका थेट दिसला तर फेका. चारशे रुपयांची वस्तू आहे.

कंपनीच्या पुस्तकात डांबरी रस्त्याचं अंतर वेगळं आणि धुळीच्या रस्त्याचं वेगळं असतं, लोक पहिलंच वाचतात. तुमच्या रस्त्याला ५,००० ला उघडून पाहणं आणि १५ ते २० हजारांच्या आत बदलणं, एवढं धरा.

यू_नळी

मोजायचा मार्ग विचारला होता.

आधी सोपा, पण आंधळा. ओबीडीचा (गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायच्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल लावा, मोबाइलवर "इंटेक मॅनिफोल्ड प्रेशर" पाहा. चावी ऑन, इंजिन बंद: नागपुरात ९६ ते ९८ दिसायला हवं, हा हवेचा दाब. मग चालत्या गाडीत पूर्ण ॲक्सिलरेटरवर किती उतरतं ते पाहा. अडचण अशी की हा आकडा ओबीडीत पूर्णांकातच येतो, एक किलोपास्कलच्या खालचा फरक दिसतच नाही. फिल्टरचा सगळा वाद अर्ध्या किलोपास्कलचा. तेव्हा या मार्गाने फक्त फिल्टर पार तुंबला आहे का, तेवढंच कळतं.

नेमकं मोजायला पाण्याची नळी. मत्स्यालयाच्या दुकानातली ५-६ मिमीची पारदर्शक नळी चार मीटर घ्या. साठ सेंटिमीटरच्या फळीवर तिचा यू आकार बांधा, मागे मोजपट्टी चिकटवा, दोन्ही हात अर्धे भरतील एवढं पाणी घाला. पाण्यात दोन थेंब नीळ, म्हणजे नीट दिसतं. एक टोक मोकळं. दुसरं टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडायचं. टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) तिथे एक बारीक रबरी नळी येते, तिच्यात टी जॉइंट घाला, पाइपला भोक पाडू नका. मधे एक रिकामी, घट्ट झाकणाची बाटली जोडा: झाकणाला दोन भोकं, दोन नळ्या. पाणी ओढलं गेलंच तर बाटलीत पडेल, इंजिनात नाही. ही बाटली टाळू नका.

रिकामा सरळ रस्ता, दुसरा गिअर, २५०० पासून ६००० पर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर. शेजारी बसलेल्याने फळी उभी धरून मोबाइलने चित्रण करायचं. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही. दोन्ही हातांतल्या पाण्याच्या उंचीचा फरक १० सेंमी म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल. जुना फिल्टर, नवा कागदी, कुणाचा मिळाला तर कापडी, प्रत्येकी तीन फेऱ्या, त्याच तासाभरात. नाक आणि पाइप तेच असल्याने आकड्यांमधला फरक हा फक्त फिल्टरचा. जुन्या आणि नव्या कागदीत ५ सेंमीच्या पुढे फरक आला तर जुना गेला. नव्या कागदी आणि कापडीत दोन-तीन सेंमी येईल, साडेपाच हजारांत तेवढंच मिळतं.

एकूण आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका. त्यात फिल्टरचा वाटा बहुधा सर्वांत कमी असतो, नाकाच्या अरुंद तोंडाचा आणि वळणांचा जास्त. नाकात पाला, प्लॅस्टिकची पिशवी, कधी उंदराने ओढून आणलेली गादीतली कापसाची गुठळीही असते, आधी तिथे हात घालून पाहा.

डायनोच्या भानगडीत पडू नका. लागोपाठच्या दोन फेऱ्यांतच एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात, ०.४ पीएस त्यात दिसणारही नाही.

स्टेज_वन

वर सगळ्यांनी मिळून कापडी फिल्टरला पार निकालात काढलं, म्हणून थोडी दुसरी बाजू. आकडे मान्यच आहेत.

टर्बो पेट्रोल किंवा डिझेल, ईसीयू रीमॅप केलेला (त्याचा प्रोग्राम बदललेला), बूस्ट (टर्बो देतो तो हवेचा दाब) वाढवलेला: तिथे हवा २०-३० टक्के जास्त वाहते आणि जागोजागी अडथळा वाढतो. कागदातून हवा संथ जाते म्हणून तिथला अडथळा प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पाइपच्या वळणांत मात्र वर्गाच्या प्रमाणात. टर्बोच्या आधीचा दाब उतरला की तेवढाच बूस्ट द्यायला टर्बाइनला जास्त फिरावं लागतं. तिथे कंपनीच्याच डब्यात बसणारा कापडी फिल्टर हा समजूतदार बदल आहे. न बदललेल्या टर्बो गाडीत ईसीयू बूस्ट ठरलेल्या आकड्यावर आणूनच सोडतो, त्यामुळे फायदा जवळजवळ शून्य.

ज्याच्याकडे आधीच आहे त्याने धुणं नीट करावं. बिघाड फिल्टरने कमी होतात, धुण्याने जास्त. त्याच किटमधला क्लीनर दोन्ही बाजूंनी मारा, दहा मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका. गार नळाखाली, कमी धारेने, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडा. उलट केलं तर धूळ कापडात आणखी खोल जाते. प्रेशर वॉशर नाही, रॉकेल-पेट्रोल नाही, हेअर ड्रायर नाही. सावलीत वाळू द्या. मेमध्ये दोन तासांत होतो, श्रावणात रात्रभर ठेवा. ओल्या कापडावर तेल धरत नाही. मग प्रत्येक चुणीवर तेलाची एकच बारीक रेघ, वीस मिनिटं थांबा, जिथे पांढरं राहिलं तिथेच पुन्हा थोडं. टपटपलं तर जास्त झालं. जास्तीचं तेल हवेसोबत उडून मॅफ सेन्सरच्या तापलेल्या पापुद्र्यावर बसतं, त्यावर धूळ, आणि सेन्सर हवा कमी दाखवू लागतो. डिझेलमध्ये ईसीयू धूर टाळायला डिझेल कमी देतो, गाडी मेल्यासारखी होते. तेल कमी झालं तर उलट: कोरडं सुती कापड बारीक धूळ जवळपास अडवतच नाही.

"जन्मभर" हे त्या हिशेबाने बघा. क्लीनर-तेलाचा किट हजाराच्या वर, धुताना गाडी अर्धा दिवस उभी. साडेपाच हजारांत चौदा-पंधरा कागदी फिल्टर येतात, तुमच्या रस्त्यावर ते दोन-अडीच लाख किमी पुरतील. पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका.

रोजची_बुटीबोरी

सगळ्यांचे आभार. शंकूचा नाद सोडला. आज डबा उघडून पाहिला. फिल्टर करडा झाला आहे, काळा नाही. पण वरच्या झाकणात, म्हणजे फिल्टरनंतरच्या बाजूला, एका कोपऱ्यात पिवळसर धुळीची बोटभर लांब रेघ आहे. बोट फिरवलं तर कचकचतं. फिल्टर मागच्या सर्व्हिसिंगला बाहेरून घेऊन बसवला होता, कंपनीचा नाही. नाक मोकळं आहे.

हिंगणा_डिझेल

ती रेघ म्हणजे फिल्टर बायपास होऊन राहिला. कापडी की कागदी हा प्रश्नच मागे पडला. कोपऱ्यातून न गाळलेली हवा जाते.

कारणं तीनच. एकतर रबरी कड पातळ आहे: जुना-नवा शेजारी ठेवून कडेची जाडी नखाने दाबून पाहा, डुप्लिकेट मालात कड एक-दोन मिमी कमी आणि कडक असते, चुण्यांची संख्याही कमी असते, मोजा. दुसरं, बसवताना कड दुमडली. तिसरं, त्या कोपऱ्याची क्लिप ढिली किंवा झाकणाची खालची खुंटी तुटली. क्लिप लावताना अडखळली पाहिजे, लोण्यासारखी बसली तर दाब नाही.

करायचं असं. डबा उघडायच्या आधी झाकण बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर वरची धूळ आत. फिल्टर आडवा, न कलवता उचला. पुढच्या पाइपच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आणि ते काढायचं विसरू नका, आठवण म्हणून गाडीची चावी त्या फडक्यापाशीच ठेवा. झाकणातली रेघ ओल्या फडक्याने उचलायची, फुंकायची नाही. खालचा डबा पुसा, तळाला पाणी निघायचं बारीक छिद्र असतं ते मोकळं करा. कंपनीचा, नाहीतर बॉश, मान, प्युरोलेटर यातला फिल्टर नेहमीच्या खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन. कडेवरून बोट फिरवत चारही बाजू खोबणीत बसल्याची खात्री करा, क्लिपा समोरासमोर तिरक्या लावा. फिल्टरच्या चौकटीवर मार्करने तारीख आणि किमी.

आता पिकअपचं. एसीचा कॉम्प्रेसर एकटाच तीन-चार पीएस खातो, ४५ अंशात सतत, तेव्हा थोडं जड वाटणारच. त्यापलीकडे ५८,००० ला हे बघा: स्पार्क प्लग कधी बदलले (साधे निकेलचे असले तर वेळ होऊन गेली), थ्रॉटल बॉडीची काजळी, टायरमधली हवा, आणि एखादा ब्रेक घासून राहिला का. दहा किमी चालवून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, एक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे ब्रेकचा पिस्टन अडकतो. क्लच बघायला तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला तर प्लेट गेली.

रोजची_बुटीबोरी

प्लग एकदाही बदललेले नाहीत. प्लग आणि फिल्टर ही दोन्ही कामं रविवारी करतो. सील नीट बसलं हे नंतर कसं कळेल?

हिंगणा_डिझेल

पाचशे किमी झाले की झाकण उघडा, त्याच कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं फिरवा. फडकं पांढरंच राहिलं तर बसलं. पिवळं आलं तर क्लिप बदला, चाळीस-पन्नासला मिळते. तोवर कडेला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, फक्त रबराला, कागदाला लागू देऊ नका.